त्याच्या नावावरचं माझं काळीज

माझ्या काळजाचा पहिला फोटो निघाला तो दुसऱ्याच्या नावावर. हे सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात. गडी आता फेकायला लागला, असं त्यांना वाटतं. फेकत नाही राव! चाकणच्या त्या सेंटरमधल्या कॉम्प्युटरात तो फोटो अजून पडून असेल, आणि त्याच्यावर नाव माझ्या जोडीदाराचं असेल.

जोडीदार म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, कारण आताची पोरं तो शब्द बायकोसाठी वापरतात. आमच्या फोर्जिंग शॉपमध्ये एकेका हातोड्यावर दोघं असायची. एकानं सांडशीत लालबुंद लोखंड धरायचं, दुसऱ्यानं पॅडल दाबून वरून घाव घालायचा. सांडशी माझ्या हातात, पॅडल त्याच्या पायाखाली. आवाज असा की शेजारच्यानं कानाशी येऊन शिव्या घातल्या तरी कळायचं नाही. त्यामुळं आमचं सगळं बोलणं भुवयांनी चालायचं. मी भुवई उचलली की तो थांबायचा, मान तिरकी केली की हलका घाव. इतकी वर्षं गेली, पण माझ्या बोटाला त्यानं कधी साधं खरचटू दिलं नाही. बायको म्हणायची, "माझ्याशी तर तुमचं बोलूनसुद्धा जमत नाही, आणि त्यांच्याशी न बोलता जमतं. धन्य आहे!"

मी बीडकडचा, कामाच्या शोधात इकडं आलेला आणि काळेवाडीत रुजलेला. तो चाकणच्या शेजारच्याच एका गावातला. घरची शेती होती, त्यातली निम्मी कंपन्यांच्या कुंपणात गेलेली. तो माझ्या बोलण्याची नक्कल करायचा, मी त्याच्या 'व्हय'ची आणि 'न्हाई'ची. दोघंही तापट. फरक एवढाच, की मी तापलो की ओरडतो आणि तो तापला की गप्प होतो.

एकमेकांच्या जागी उभं राहायची आमच्यात पद्धतच पडून गेली होती. शिफ्टची अदलाबदल काय, सगळेच करतात. आम्ही त्याच्या पुढं गेलो होतो. पोरीच्या शाळेत पालकांची सभा असली आणि मला फर्स्ट शिफ्ट असली, की हा तिचा काका म्हणून जाऊन बसायचा आणि वर बाईंशी वाद घालून यायचा. त्याच्या सासुरवाडीत कुणी वारलं आणि याला निघता आलं नाही, तेव्हा मी जाऊन खांदा दिलाय. तिथल्या म्हाताऱ्या मला अजून जावई समजतात. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. जोडीदारानं सांभाळून घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं?

आणि मग कंपनीनं ते हृदयाच्या तपासणीचं काढलं. एका वयाच्या पुढच्या सगळ्या कामगारांच्या छातीचा स्कॅन करायचा, चाकणच्या एका सेंटरमध्ये, कंपनीच्या वतीनं. सुपरवायझरनं आम्हाला कँटीनमध्ये गोळा करून समजावून सांगितलं. मशीन छातीचे फोटो काढणार. ते आधी कॉम्प्युटरमधला एक प्रोग्रॅम बघणार, हृदयाच्या नसांमध्ये कुठं चुना साठलाय ते शोधून तेवढी जागा रंगवून दाखवणार, आणि मग डॉक्टर त्यावर नजर टाकून काय ते ठरवणार. माणसाच्या डोळ्याला एखादा बारीक ठिपका निसटेल, त्याला नाही निसटत, म्हणाला.

झालं, पोरांना विषयच मिळाला! "साहेब, त्यात बायकोचं नाव दिसतं का?" एकजण. "दिसतं, पण दुसरीचं असलं तर लाल रंगात दिसतं," दुसरा. सगळी कँटीन खिदळत होती. जोडीदार तेवढा हसला नाही. मी भुवई उचलली, तर त्यानं मान फिरवली.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ बांधावर उभ्या उभ्या गेला होता, हातात खुरपं तसंच. यालाही अलीकडं शिडी चढताना धाप लागायची. चढून गेला की खांबाला टेकून उभा राहायचा आणि वर वायरिंग बघतोय असं दाखवायचा. तपासणीत ज्याच्यात काही निघेल त्याला हातोड्यावरून काढून हलक्या कामाला टाकणार, असं सुपरवायझर बोलून गेला होता. हलकं काम म्हणजे पॅकिंग.

सुटल्यावर गेटसमोरच्या टपरीवर तो चहाचा कप नुसता हातात धरून बसला.

"भावा, तू जा की माझ्या जागी."

"कुठं?"

"त्या मशीनमधी."

मी हसलोच. "येडा का खुळा तू? शाळेतली सभा आहे का ती?"

"तुझं काळीज दणकट हाय. त्यात काय निघायचं न्हाई. मला पॅकिंगला धाडलं ना, तर मी रोगानं न्हाई, तिथं बसून बसून मरंन." हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, त्यामुळं माझा नंबर काही लागणार नव्हता. म्हटलं, जातो. पाच मिनिटं आडवं पडायचंय, त्यात काय एवढं?

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. गुरुवारी सकाळी त्याचं कार्ड गळ्यात अडकवून मी सेंटरमध्ये जाऊन बसलो. कार्डावरचा फोटो तो कामाला लागला तेव्हाचा, घामानं आणि तेलानं पुसट झालेला. भरगच्च मिशी आणि काळे केस एवढंच काय ते उरलेलं. त्या फोटोत तो, मी, नाहीतर रस्त्यानं चाललेला कुणीही खपून गेला असता. त्याची जन्मतारीख, वडलांचं नाव, सगळं पाठ करून गेलो होतो. फक्त एक गोष्ट डोक्यातून पार निसटली. तिथली पोरगी एक नाव पुकारत होती, परत परत पुकारत होती, आणि मी शेजारच्याला म्हणत होतो, "कोण बहिरा येऊन बसलाय बघा!" मग एकदम उजेड पडला की तो बहिरा मीच.

"काका, ऐकायला कमी येतं का?" पोरगी वैतागली होती.

"हातोड्यावर आहे ताई," मी म्हणालो. हे तरी खोटं नव्हतं.

तिनं छातीला वायरी चिकटवल्या, हात डोक्यामागं घ्यायला लावले. ट्रकच्या टायरएवढं ते गोल मशीन, त्याच्या पोटात फळी सरकली. आतून एक बाई हिंदीत म्हणाली, श्वास घ्या, रोखून धरा. मी धरला. मशीन घरघरलं, थांबलं, आणि ती बाई म्हणाली, सोडा. एवढंच. बाहेर जोडीदार गाडीला टेकून उभा होता, चेहरा असा की घरात बाळंतपण चाललंय. मी अंगठा दाखवला. मग आम्ही मिसळ खाल्ली, आणि त्यानं माझ्याकडची तर्रीसुद्धा ओतून घेतली.

पुढच्या आठवड्यात शिफ्ट चालू असताना त्याला कंपनीच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. परत आला आणि पॅडलवर पाय ठेवून उभा राहिला. मी भुवई उचलली, तर बघायलाच तयार नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा घाव चुकला. लोखंड सांडशीतून निसटून पलीकडं जाऊन पडलं. मी हातोडा बंद करायला लावला आणि त्याला ओढत बाहेर नेला.

"लाल निघालं," तो म्हणाला.

"काय लाल?"

"फोटूत. डाक्टरनं दावलं मला. काळजाच्या मोठ्या नसंला त्या कॉम्पुटरनं लाल करून ठिवलंय. डाक्टर म्हनला, एवढं असून तुम्ही हातोड्यावर उभं कसं ऱ्हाता? उद्यापास्नं काम बंद. नळी घालून तपासायचं, आन लागलं तर आप्रेशन."

मला पहिल्यांदा हसू फुटलं. म्हटलं, घ्या! पॅकिंग चुकवायला गेलो आणि पॅकिंगच गळ्यात आलं.

"हसतो काय येड्या? ते तुझं हाय."

माझं हसू तसंच तोंडात राहिलं. आणि मग मी असा भडकलो की विचारू नका. काय कळतं त्या डबड्याला! मी चार जिने गॅसची टाकी खांद्यावर घेऊन चढतो, मला साधी सर्दी होत नाही, आणि कुठला तरी प्रोग्रॅम मला सांगणार का माझ्या छातीत काय आहे ते? खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. घाबरलो की मी ओरडतो, लहानपणापासून. ओरडून झाल्यावर त्याला सांगितलं, "तू तोंड उघडू नकोस. दोन दिवसांनी म्हणायचं, रिपोर्ट चुकलाय, परत काढा. मग तू जा आणि मोकळा हो."

"आन तू?"

"मला काय धाड भरलीय?"

तो गप्प झाला. मी वर सांगितलंच आहे, तो गप्प झाला म्हणजे तापला.

दुसऱ्या दिवशी हा गडी सरळ कंपनीच्या डॉक्टरांपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ते काळीज माझं न्हाई." डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं आणि बसवलं. त्यांना हे नवीन नव्हतं. आजार निघाला की सगळेच काहीतरी सांगायचे. एकानं मशीन बिघडल्याचं सांगितलं, एकानं देवाचा कौल आणून दाखवला. हा म्हणतोय, आत दुसराच झोपला होता. "घाबरू नका, सगळं नीट होईल," डॉक्टर म्हणाले. याचं खरं कुणी ऐकूनच घेईना! पॅकिंगच्या भीतीनं हा थापा मारतोय अशी त्यांची खात्री झाली होती.

मग तो म्हणाला, "आत्ता काढा माझं. आत्ताच्या आत्ता."

ज्या मशीनच्या धास्तीनं मला पुढं केलं होतं, त्यात हा स्वतःच्या पायानं जाऊन पडला. आपल्या भावासारखंच आपलं निघणार अशी त्याची पक्की समजूत होती, हे लक्षात ठेवा. तरी गेला. आणि प्रोग्रॅमला त्याच्या नसांमध्ये रंगवण्यासारखं काही म्हणजे काही सापडलं नाही. धाप होती ती तंबाखूची आणि पोटाची. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. नाव एकच, एकात मोठी नस लाल, दुसऱ्यात सगळं कोरं. नसांमधला चुना काही आठवड्याभरात विरघळत नाही. तेव्हा कुठं त्यांना पटलं की आधी खरंच दुसरा माणूस झोपला होता. त्यांनी विचारलं, कोण? यानं माझं नाव घेतलं.

मला शॉपमधून बोलावून नेलं. दारातच हा दिसला आणि मी सगळ्यांच्या देखत त्याला चहाडखोर म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते इथं लिहीत नाही. तो जागचा हलला नाही.

सेंटरमध्ये तीच पोरगी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काका, आज नाव कोणतं?"

"माझंच," मी म्हणालो.

तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवलं. करड्या रंगाचा माझ्या मुठीएवढा गोळा, तेच माझं हृदय. आणि त्याच्या डाव्या बाजूला, नसेला फाटा फुटतो तिथं, लाल. शेजारी मागचा फोटो, जोडीदाराच्या नावाचा. तीच जागा, तसंच लाल. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला शांत. म्हणाले, "या प्रोग्रॅमला तुमचं नाव कळत नाही काका. चुना कुठं बसलाय एवढंच कळतं. दोन्ही वेळेला त्यानं एकच दाखवलं." पडद्याशी ओरडून भांडता येत नाही. मी बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडं बघत बसलो आणि मला पोरीचं लग्न आठवायला लागलं, जे अजून व्हायचं होतं.

नळी घालून तपासलं, तर ती मोठी नस जवळजवळ बुजलेली. बायपास करायचं ठरलं. डॉक्टर बायकोला म्हणाले, "कळलं नसतं तर हे कामावरच, कधीही..." आणि पुढचं त्यांनी सोडून दिलं. बायको हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर जोडीदारासमोर उभी राहिली. नुसती "भावजी" म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तिच्या हातातली पिशवी घेऊन तो तसाच उभा राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, "मी नको म्हणालो होतो. तरी का सांगितलंस?"

"तुझं काळीज माझ्या नावावर पडलं हुतं," तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू ठिवून घ्यायची सवय न्हाई आपल्याला."

"साहेब काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात. दम दिला, सोडून दिलं. तू झोप."

ऑपरेशन झालं. दोन-तीन महिने घरी बसायचं होतं. माझ्यासारख्या माणसाला घरात बसवणं म्हणजे शिक्षाच. छाती मधोमध शिवलेली, खोकताना उशी छातीशी धरायची, वजन उचलायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. पण आता मागं वळून बघतो तेव्हा आयुष्यातले चांगले दिवस म्हणून मला तेच आठवतात. कारण रोज संध्याकाळी जोडीदार यायचा. गाडी खाली लावून जिन्यावरूनच "वहिनी, चा टाका" म्हणून हाक मारायचा. शेतातली मेथी नाहीतर वांगी ओट्यावर ठेवायचा आणि खाटेपाशी खुर्ची ओढून शॉपमधल्या बातम्या सांगायचा.

काय एकेक बातम्या! कँटीनच्या आचाऱ्याचं आणि युनियनवाल्याचं आमटीवरून जुंपलं. युनियनवाला म्हणाला, या आमटीत आमच्या भट्टीचं पाणी बरं. त्यावर आचाऱ्यानं दोन दिवस नुसतं वरणच वाढलं. सुपरवायझर तेलावरून घसरला तो थेट मोठ्या साहेबांच्या पाया पडला, आणि साहेबांनी खरंच आशीर्वाद दिला. आमच्या हातोड्यावर माझ्या जागी आलेला नवा माणूस सांडशी अशी धरतो की जशी काय भाकरी उलटतोय. मी हसायचो आणि टाके दुखायचे. बायको आतून ओरडायची, "भावजी, हसवू नका त्यांना!"

सगळ्यात मला आवडली ती पारव्यांची गोष्ट. आमच्या हातोड्याच्या वर जी क्रेन आहे, तिच्यावर पारव्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. एवढ्या धडधडीत त्या येड्यांनी अंडी घातली. मेंटेनन्सवाले ते काढायला निघाले, तर शॉपमधले सगळे आडवे आले. मग ती क्रेन तेवढी बंद ठेवून दुसरीनं काम चाललंय. मी रोज विचारायचो, पिल्लं निघाली का? एके दिवशी तो म्हणाला, दोन निघाली. एक धीट हाय, एक भित्रं. भित्रं तुझ्यासारखं वरडतंय. त्या पिल्लांची खबर ऐकल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. एकदा मी म्हणालो, तुझे हात फार स्वच्छ दिसायला लागले रे, काजळी कुठं गेली? तर म्हणाला, आजारी माणसाकडं यायचं म्हनून घासून येतो.

पुढं डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मी कामावर गेलो. हलक्या कामावरच, टूल रूममध्ये. पण आधी शॉपमध्ये गेलो. धीर धरवत नव्हता. हातोड्यापाशी जाऊन पहिल्यांदा वर क्रेनकडं बघितलं. क्रेन नेहमीसारखी चालू होती. तिच्यावर काहीच नव्हतं. काडी नाही, पीस नाही.

"घरटं काढलं का रे?" मी नव्या माणसाला विचारलं.

"कसलं घरटं?"

सुपरवायझर आला, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी म्हणालो, घसरला होतात म्हणे? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की ऑपरेशन छातीचं झालंय का डोक्याचं. कँटीनमध्ये गेलो, तर आचारी आणि युनियनवाला एका टेबलावर बसून एकमेकांना बिडी मागत होते. आमटी नेहमीसारखी पातळ होती.

मग मी सुपरवायझरला विचारलं, "माझा जोडीदार कुठाय?"

त्यानंच सांगितलं. दुसऱ्याला आपल्या नावानं तपासणीला पाठवलं म्हणून कंपनीनं त्याच्यावर कारवाई केली. 'मीच त्याला भरीला घातलं, त्याचा काही दोष नाही' असं सांगून त्यानं माझ्या वाटचंसुद्धा अंगावर घेतलं. तळेगावकडच्या दुसऱ्या प्लांटला त्याची बदली झाली होती. पॅकिंगला. "तुम्ही तेव्हा आयसीयूत होता," सुपरवायझर म्हणाला. "त्यानं इथं पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही तेव्हापासून."

मी बाहेर गेलो, शेडच्या मागं, जिथं जरा कमी आवाज येतो. तळेगावहून काळेवाडीला रोज यायचं आणि मग अंधारात आपल्या गावाला जायचं, हे तो करत होता. खुर्चीवर बसून मला हसवत होता. मी त्याला फोन लावला.

"लबाडा," मी म्हणालो. "इथं पारवं नाहीत."

तो म्हणाला, "गेलास व्हय कामावर? मला वाटलं सोमवारी जाशील."

"का केलंस असं? खरं सांगितलं असतंस तर?"

"अन् येऊन काय सांगायचं तुला रोज?" तो म्हणाला. "इथं सांगण्याजोगं कायच घडत न्हाई, भावा."